बधिर करायची सुई

हिर्डोशीहून भोरला चालत येताना मी दोनदा माघारी वळलो. दाढ ठणकत होती, पण ती उपटून घ्यायची भीती त्याहून मोठी होती.

बाजाराच्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी मला दारातच घुटमळताना पाहिलं.

"घाबरू नका, बाबा. आता सुई निघाली आहे. हिरडी बधिर होते, काही कळत नाही. खुर्चीत शांत बसून राहायचं."

"आन सुई न्हाई घेतली तर?"

"तर जीव जाईल इतकं दुखेल. मग आमच्या चिमाजीला तुमचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून बसावं लागेल, दाढ निघेपर्यंत."

कोपऱ्यात पाणी तापवत बसलेला चिमाजी हसला. "मागल्या बाजारी एका पैलवानाला असंच धरलं व्हतं, आज्जा. गड्यानं माझा सदरा फाडला, आन रडला तो येगळाच. तुमी आपली सुईच घ्या."

डॉक्टरांनी सुई उकळत्या पाण्यातून काढली. मी चिमाजीच्या हातांकडं पाहत होतो.

कारभारीण जाऊन वर्ष झालं. घरात मी एकटाच असतो. तिला पोचवून आलो त्या दिवशी गावातल्या चार जणांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यानंतर कुणाचा हात अंगाला लागलेला नाही.

"सुई नको, डाक्टरसायेब," मी म्हणालो. "ह्यास्नी धरू द्या."