आभाराची पाकिटं

"हे बटण दाबलं की तुमचं काम संपलं, ताई," देवेश म्हणाला. "देणगी जमा झाली की दुसऱ्या मिनिटाला आभाराचं पत्र. नाव, रक्कम, करसवलतीची पावती, सगळं आपोआप."

कामतघरच्या बालवाडीत बोलायचं तर शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागे. मृणाली संगणकाच्या पडद्याजवळ वाकली.

"नाव चुकणार नाही ना?"

"देणाऱ्यानं स्वतः टाइप केलेलं नाव. चुकलं तर त्याचा तोच चुकला."

त्याने तपासणीसाठी आपल्याच कार्डावरून एक्कावन्न रुपये भरले. लगेच त्याच्या मेलवर पत्र आलं. देणग्यांच्या संगणक-प्रणालीच्या या नव्या आवृत्तीत आणखीही बरंच होतं. दरमहा आपोआप जाणारी देणगी, गुप्तदानाची खूण, कुणाच्या स्मरणार्थ ते लिहायची चौकट. मृणालीला आभाराच्या पत्रानेच हायसं वाटलं. दोन हजार आठचा मार्च चालू होता आणि वर्षअखेरीच्या देणग्या यायला लागल्या होत्या.

मागांवरच्या कामगारांच्या मुलांसाठी ही बालवाडी तिच्या वडिलांनी, केसरीनाथ गुरुजींनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर काढली. पंधरा वर्षं प्रत्येक देणगीदाराला ते स्वतःच्या हाताने पत्र लिहीत आले. मग मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात सावरला, पण नावं निसटू लागली.

पुण्याच्या एक देणगीदार बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, मी चंद्रा नाही, माधवी. आणि नातू झाल्याचं अभिनंदन केलंय. आधी माझ्या मुलाचं लग्न तरी होऊ दे!"

त्या हसल्या. पुढचा फोन हसण्याचा नव्हता. गुरुजींनी एका विधवेच्या नवऱ्याला दीर्घायुष्य चिंतलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, "लिहू द्या त्यांना. हातातलं काम गेलं तर खचतील."

म्हणून मृणाली दोन्ही करू लागली. खरं पत्र संगणक पाठवायचा. गुरुजींसाठी ती नावांची यादी छापून अंजूरला घरी न्यायची. ते टेबलाशी बसून लिहायचे, पाकिटावर पत्ता घालायचे, तिकीट चिकटवायचे. सकाळी रिक्षाने निघताना ती पाकिटं पोस्टात टाकते म्हणून घ्यायची आणि बालवाडीतल्या पत्र्याच्या पेटीत, खेळण्यांच्या खाली ठेवायची.

"टपाल आला का गं?" ते रोज संध्याकाळी विचारत.

"नाही, बाबा."

"कुनाचाच न्हाय?"

"लोकांना वेळ नसतो हल्ली."

हे बोलताना ती भाजी निवडत असे, नाहीतर कपड्यांच्या घड्या करत असे. त्यांच्याकडे बघत नसे. आपण त्यांना रोज फसवतो आहोत आणि एक दिवस त्यांना ते कळेल, ही धास्ती तिला झोपू देत नव्हती.

मे महिन्यात देवेश अंजूरला आला. तो गुरुजींचा जुना विद्यार्थी. मृणाली चहा करून बाहेर आली तेव्हा दोघं गप्प होते.

"काय चाललंय गुरुशिष्यांचं?"

"ह्यो म्हनतो, लिवायचं सोडा, कंप्युटर लिवील," गुरुजी म्हणाले. "मी ईचारलं, तुझ्या कंप्युटरला मी कधी छडी मारलीय का? मंग त्याचं अक्षर कसं सुधारलं?"

देवेश हसला. मृणालीही हसली. किती दिवसांनी ते असं बोलले होते.

तेव्हापासून त्यांच्यात फरक पडला. टपालाचं विचारणं थांबलं. सकाळी आपणहून टेबलाशी बसत, दुपारपर्यंत उठत नसत. पाकिटं आधी ती चिकटवायची, आता ते स्वतः चिकटवू लागले.

"तिकिटं पोस्टातच लाव," ते म्हणाले. "घरात ओल हाय, गोंद धरत न्हाय."

ती तिकिटं तिच्या पर्समध्ये साठत गेली. पण ते आनंदात होते. तिला हळूहळू झोप लागू लागली.

दिवाळीनंतर गुरुजी गेले. झोपेतच, फारसं न दुखता.

तेराव्यानंतर देवेश बालवाडीत आला. स्मरणार्थच्या चौकटीत आता गुरुजींचं नाव येत होतं. एकामागून एक देणग्या त्यांच्या नावाने पडत होत्या आणि प्रत्येकीला आपोआप पत्र जात होतं. एकही नाव चुकत नव्हतं.

मृणालीने खेळणी बाजूला केली आणि पेटी बाहेर ओढली.

"ही त्यांची पत्रं. मी एकही टाकलं नाही," ती म्हणाली. "त्यांना कळलं नाही, एवढेच देवाचे उपकार. कुणाला तरी सांगायचं होतं."

देवेशने पेटीत डोकावलं.

"म्हणजे माझं पण यातच असणार."

"तुमचं?"

"ते एक्कावन्न रुपये, ताई. तपासणीचे. यादीत माझं नाव आलं असणार. गुरुजींनी मेमध्ये विचारलं, देवेश, माझं पत्र पोचलं का रे? मी म्हटलं, नाही गुरुजी. तुम्ही चहा करत होतात."

मृणालीने पेटीत हात घातला. मेनंतरचं, तिकीट नसलेलं पहिलं पाकीट शोधून काढलं. वर नागपूरच्या कुणा विशालचा पत्ता होता. तिने ते फोडलं.

'चि. मृणाली, तू पत्रं टाकत नाहीस ते बरंच करतेस. माझ्या हातून लोकांची मनं दुखावत होती. पण मी लिहायचं सोडलं तर तुला घोर लागेल, म्हणून बसतो.'

तिने दुसरं फोडलं. वर साताऱ्याचं नाव. आत, 'चि. मृणाली.' तिसरं, चौथं, दहावं. वरची नावं बदलत होती. शेवटच्या पाकिटातलं अक्षर पार मोडलेलं होतं आणि ओळ एकच होती.

'चि. मृणाली, तुझं नाव तरी बरोबर लिहितोय ना गं?'