ओठबोली

"माइकपासून वीतभर लांब राहा. ओरडायचं नाही," मुलगी म्हणाली आणि आईच्या कपाळावर आलेली बट तिने कानामागे सारली. बट लगेच परत पुढे आली.

आईच्या हातात मुलीने लिहून दिलेला कागद होता. उभी रेघ असेल तिथे श्वास घ्यायचा, शब्दाखाली रेघ असेल तिथे आवाज चढवायचा. तीन मिनिटांचं भाषण. मुलगी शाळेत शिकवायची, वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घ्यायची. तिने आठवडाभर आईकडून ते पाठ करून घेतलं होतं, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना.

"आणि घाबरलीस तर ओळखीचा चेहरा शोध. त्या एकाच माणसाशी बोल. बाकीचे आपोआप ऐकतात."

कागदाच्या तळाशी एक ओळ आईच्या अक्षरात होती. मुलीने ती दोनदा खोडली होती आणि आईने दोनदा परत लिहिली होती.

"हे सभेत बोलायचं नसतं गं, आई."

"मग कुठे बोलू? ती आता मला कुठे भेटणार आहे?"

मुलीने पेनाला टोपण लावलं.

कापड गिरणीच्या कॅन्टीनमध्ये टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे साहेब आणि कारकून, मागे मागखात्यातल्या बायका. शोकसभा बारकीची होती. आईच्या शेजारच्या मागावरची बारकी. तिचा फोटो ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला, त्यामुळे ती जरा रागावल्यासारखी दिसत होती. खरी बारकी अशी कधी दिसली नाही, त्या शेवटच्या आठ दिवसांतसुद्धा नाही.

त्या आठ दिवसांचं कारण सांगायलाही लाज वाटावी. खिडकी. बारकीला वारा हवा होता, आणि हिचं म्हणणं, वाऱ्याने सूत सुकतं, तुटतं. झालं. सव्वीस वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या दोघींचा अबोला सुरू झाला. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून खात्यातल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ मोठे हलवून बोलतात, आणि समोरची ते ओठ वाचते. ओठबोली म्हणतात तिला. तिथे अबोला धरायला फार काही करावं लागत नाही, तोंड फिरवलं की पुरतं. सोमवारी बारकीने हात हलवून हिला बोलावलं, काहीतरी सांगायला लागली. हिने तोंड फिरवलं. मंगळवारी बारकी झोपेतून उठलीच नाही.

साहेब बारा मिनिटं बोलले, त्यातली आठ नव्या बॉयलरवर. मग हिला पुकारलं.

"सन्माननीय साहेब," ती म्हणाली आणि माइक किंचाळला. खात्याबाहेर तिला मोठ्यानेच बोलायची सवय होती. माइकवाल्याने घाईघाईने बटण फिरवलं. कुणीतरी हसलं. कागदावरच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. तिने ओळखीचा चेहरा शोधला.

शेवटून दुसऱ्या रांगेत आत्या बसली होती. खात्यातली सगळ्यात जुनी बाई, म्हणून सगळ्यांचीच आत्या. तिचा माग या दोघींच्या बरोबर समोर. ती आत्याशी बोलायला लागली.

सगळं नीट आठवलं. रेघ आली तिथे श्वास घेतला, एक शब्द गाळला नाही. फक्त आवाज निघाला नाही. आत्याचा चेहरा समोर आला आणि सव्वीस वर्षांची सवय आड आली. ओठ मोठे मोठे हलत होते, घसा गप्प होता, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. "आवाज येत नाहीये," पुढून कुणीतरी म्हणालं. माइकवाला बटण चढवत गेला. मुलगी गळ्याला हात लावून खुणा करत होती. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. मागच्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले आणि लगेच काढले, कारण डोळे झाकले की ऐकू येईना.

शेवटची ओळ तिने कागदाकडे न बघता म्हटली. "बारके, त्या दिवशी तू मला काहीतरी सांगत होतीस आणि मी तोंड फिरवलं. काय सांगत होतीस ते मला आता कधीच कळायचं नाही. मला माफ कर."

आत्याने बसल्या जागेवरून ओठ हलवले. "मला दिसलं होतं."

तिने आत्याच्या ओठांवर नजर रोखली.

"केस बांध म्हणाली. मागाच्या पट्ट्यात जातील म्हणाली."

तिने कागद टेबलावर ठेवला. बट डोळ्यावर आलीच होती. तिने दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा सोडला, सगळे केस गोळा केले आणि पीळ देऊन तो पुन्हा घातला. मागावर उभं राहण्याआधी घालतात तसा, घट्ट. तिला कसलीही घाई नव्हती. साहेब कारकुनाकडे वाकून म्हणाले, "बिचारी सगळं विसरली. पाणी द्या तिला, बसवा."

कारकून उठला, तोवर ती फोटोकडे वळली होती. आता आवाज फुटला. अगदी हळू बोलली ती, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. पण माइकचं बटण शेवटपर्यंत चढवलेलं होतं, त्यामुळे सबंध कॅन्टीनला ऐकू आलं.

"बांधले गं."