जिथं राहिली, तिथंच

म्हातारी बाई स्वच्छतागृहातून बाहेर आली तेव्हा बस गेलेली होती. मांजरसुंब्याच्या धाब्यासमोर मघाशी जिथं बस उभी होती, तिथं आता नुसतं ऊन होतं, आणि कापूस. सकाळपासून कापसाच्या गाड्या जात होत्या. त्यांतून सुटलेले पुंजके रस्त्यावर सावकाश तरंगत होते.

बाई परदेशी होती. केस आखूड, पांढरेशुभ्र. बसमध्ये तिचा नवरा झोपला होता, आणि पिशव्या, फोन, सगळं त्याच्यापाशी होतं. हे तिनं हातांनीच सांगितलं. तळव्यावर गाल टेकवून डोळे मिटले, कानाला मूठ लावली आणि मग दोन्ही हात रिकामे करून दाखवले. धाब्याचे मालक मोहनराव यांनी येत होतं तेवढं इंग्रजी खर्च केलं. तिला तेवढंही येत नव्हतं. ट्रॅव्हल्स कुठली, तिचा रंग कोणता, कुणालाच आठवेना.

"दिवसाला चाळीस थांबतात," मोहनराव म्हणाले.

बाई वळली आणि बस गेली त्या बाजूला, सोलापूरच्या रस्त्यानं, चालू लागली.

टाकीवर छबुबाई कळशी भरत होती. युसूफ वडगावची तिची टोळी ऊसतोडीला निघालेली, आणि त्यांचा ट्रॅक्टर शेजारच्या दुकानात पंक्चर काढायला थांबला होता. तिनं कळशी खाली ठेवली, लगबगीनं जाऊन बाईचं मनगट धरलं आणि तिला माघारी आणून लिंबाच्या सावलीत बसवलं.

"सोडा की तिला," मोहनराव म्हणाले. "जीपमधी घालून देतो. गाठंल बस."

"आन् तेवढ्यात म्हातारा हिकडं आला मंजी?"

मोहनरावांनी सोलापूरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"जो मागं राहिला त्यानं हलायचं न्हाई," छबुबाई म्हणाली. "ज्याचं माणूस राहिलं त्यानं माघारी यायचं. आमच्या टोळीत लेकरालाबी ठावं हाय."

"ही काय तुमच्या टोळीतली हाय का? मंग द्या तिच्या हातात कोयता."

"देते की. आदी तिचा मालक तरी यिऊ द्या."

बाई पुन्हा उठली. छबुबाईनं तिला बसवलं आणि धुळीत दोन खडे मांडले. एक जागेवर ठेवला, दुसरा बोटानं लांब सरकवत नेला, थांबवला आणि त्याच वाटेनं परत आणून पहिल्याला भिडवला. मग दोन्ही खडे हलवून दाखवले. ते दोन दिशांना गेले आणि एकमेकांना सापडले नाहीत. बाईनं पाहिलं आणि ती पुन्हा उठली. छबुबाईनं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. ना आवाज चढवला, ना घाई केली. चौथ्या वेळी बाई स्वतःच खाली वाकली आणि जागेवरच्या खड्यावर तिनं बोट ठेवलं.

"हां," छबुबाई म्हणाली. "ती तू."

त्यानंतर बाई उठली नाही. दुपार कलली, वारा पडला. गाड्यांचा आवाज लांबून येणाऱ्या पाण्यासारखा वाटू लागला. कापसाचा एक पुंजका येऊन तिच्या केसांत बसला आणि केसांतच विरून गेल्यासारखा दिसेनासा झाला. हळूहळू तिची मान कलली आणि छबुबाईच्या खांद्यावर ती झोपी गेली.

तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. दोन ट्रॉल्या, वर भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं. छबुबाईनं हात वर केला. कुणी पाहिलं नाही. हाक मारली, पण खांद्यावरच्या बाईला दचकवायचं नाही एवढीच मारली. ट्रॅक्टर पाटोद्याच्या रस्त्याला लागला, धुरकट झाला, दिसेनासा झाला.

मोहनराव धावत आले. "अवो, तुमचा ट्रॅक्टर गेला की. पळा."

"कावून पळू? ही उठंल आन् लागंल पुन्ना सोलापूरच्या वाटंला."

"नंबर सांगा, फोन लावतो."

"नंबर मला कुठं पाठ हाय? आमचं मालक म्होरल्या ट्रॉलीत हायत. त्यांना वाटत आसंल, मी मागल्या ट्रॉलीत बायांत हाय." ती जराशी थांबली. "पाटोद्याला चहाला उतरतील. तवा कळंल."

"आन् न्हाईच कळलं तर?"

छबुबाईनं पाटोद्याच्या रस्त्याकडे पाहिलं. खांदा मात्र तिनं हलू दिला नाही.

ऊन पिवळं होत आलं तेव्हा चौसाळ्याकडून एक मोटारसायकल आली. मागं एक परदेशी म्हातारा बसलेला, पोटाशी एक पिशवी, पाठीशी एक. गाडी थांबायच्या आत तो उतरला आणि लिंबाखाली येऊन गुडघ्यांवर बसला. बाई जागी झाली. दोघंही एकदम बोलू लागली. त्यानं तिचे हात धरून ठेवले होते.

थोड्या वेळानं तो उठला. मोटारसायकलवाल्यानं बसपर्यंत जायला मोहनरावांची जीप ठरवून टाकली होती. म्हाताऱ्यानं बायकोला हात दिला. ती उभी राहिली आणि छबुबाईला हात जोडायला वळली. छबुबाई बसलेलीच होती. टाकीपाशी तिची कळशी तशीच होती. बाईनं पंक्चरच्या दुकानाकडे पाहिलं. तिथं आता ट्रॅक्टर नव्हता. तिनं छबुबाईच्या डोळ्यांत पाहिलं, मग ते डोळे ज्या रस्त्याकडे लागले होते तो रस्ता पाहिला.

नवऱ्याचा हात सोडून ती छबुबाईला लागून खाली बसली. आपल्या दुसऱ्या बाजूची जमीन तिनं तळव्यानं थोपटली.

जीप चालू होती. म्हातारा तिच्याकडे, मग जीपकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहत राहिला. शेवटी पिशव्या खाली ठेवून तोही बसला. कुणाची वाट पाहायची आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्या दोघी पाटोद्याच्या बाजूला पाहत होत्या, म्हणून तोही त्या बाजूला पाहू लागला.