देवगवत ढवळताना

"हात थांबवू नकोस, गुठळ्या होतील," न्योक-लान म्हणाली.

सिउ-यिनने पळी पुन्हा फिरवली. कढईत देवगवताचा काळा रस रटरटत होता. सकाळपासून दोघींनी उकडलेले देठ चोळले होते, चिकट रस फडक्यातून पिळला होता. उद्या लग्न. पाकातली काळी जेली नसेल तर पाहुणे नावं ठेवतील.

राखेचं पाणी घाला. जरासंच.

लग्न सिउ-यिनच्या मुलाचं, फुक-सानचं. नवरी तिनंच वाढवलेली, पण न्योक-लानची मुलगी. सतरा वर्षांपूर्वी दोघींनी महिन्याच्या पोरी बदलल्या. या डोंगरात सगळेच बदलत. माझी तू वाढव, तुझ्या मुलाला होईल. तुझी मी वाढवते, माझ्या मुलाला होईल. द्यायच्या पोरीचं तोंड आईनं बघायचं नाही, दूध पाजायचं नाही. महिनाभर जाऊ पाजते.

"तोंड का पाडलंय, विहीणबाई? पोरगी माझी, रडायचं मी."

"लग्न पुढं ढकलू या."

"डुक्कर कापून झालं! आता काय परत शिवायचं?"

रताळ्याचं सत्त्व सोडा. आता थांबायचं नाही.

"माझा आ-फात असता तर माझ्याकडच्या पोरीचंही लग्न उरकलं असतं," न्योक-लान म्हणाली. मुलाला तिनं बाराव्या वर्षीच बोटीनं समुद्रापार पिनांगला धाडलं आणि तो तिथं तापानं मेला. त्याचं नाव निघालं की ती विषय बदलायची. "जाळ कमी कर."

सिउ-यिनने लाकूड ओढलं. मग कढईकडे बघतच बोलली.

"खिंडीतल्या पाणपोईत आपण एका वाटीतून जेली खाल्ली. पोरी एकमेकींच्या झोळीत घातल्या. तोंडं झाकलेली. तू वाटी धुवायला झऱ्यावर गेलीस आणि मी पोरी परत बदलल्या. मला देववेना गं. मी माझीच घरी नेली. फुक-सानची सख्खी बहीण आहे ती."

ढवळा.

न्योक-लान ओरडली नाही.

"मी झऱ्यावरून आल्यावर तू झाडामागं गेलीस."

"गेले असेन."

"गेलीस. आठवतंय मला." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "तेव्हा मी बदलल्या. मलाही देववेना, नि नंतर सांगवेना."

पळी थांबली. सिउ-यिन बोटांवर काहीतरी मोजू लागली. डावी झोळी, उजवी झोळी. पुन्हा मोजलं. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि हसू तिच्या बोटांतून फुटलं.

"म्हणजे ठरल्यासारखंच झालं! तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे! बहीण नव्हे ती त्याची! अगं, सतरा वर्षं मी झोपले नाही!" तिनं न्योक-लानचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "लग्न होणार! बोल की काहीतरी, विहीणबाई!"

कढईत गुठळ्या धरू लागल्या होत्या.

"मग मी आ-फातला घरातल्या पोरीपासून लांब, बोटीवर कशाला चढवलं गं?" न्योक-लाननं विचारलं.