चालतंय

दुकानदारानं चौथा चाकू उघडून दाखवला तेव्हाही शिवांजली म्हणाली, "चालतंय."

आधीचे तीनही तिला चालत होते. गुरुसिद्धच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वाजेपर्यंत पोरीला वसतिगृहात सोडायचं होतं. पत्र्याची ट्रंक दुकानाच्या पायरीवर होती. नव्या शाळेत आठवीला गाईडचं पथक होतं, आणि त्यांनी पाठवलेल्या यादीतली शिट्टी झाली, दोरी झाली, घडीचा चाकू तेवढा राहिला होता. शाहूवाडीच्या डोंगरातून पहाटेच्या एस.टी.नं दोघं कोल्हापुरात उतरली, तेव्हापासून हेच चाललं होतं. बादली निळी की हिरवी? कुठलीबी. चप्पल पायाला लागते का? न्हाय, आप्पा. भूक लागली? तुम्ही म्हणाल तसं.

बघणाऱ्याला वाटावं, काय गुणाची पोर आहे. दुकानदाराला तसं वाटलंच. आजकाल अशी ऐकणारी पोरं राहिली नाहीत, असं तो कौतुकानं म्हणाला, आणि गुरुसिद्धला त्या भल्या माणसाचा विनाकारण राग आला.

विनाकारण तरी कसं म्हणायचं? ही पोर अशी नव्हतीच. बोलायला लागल्यापासून ती बापाशी वाद घालत आली होती. आमटीत मीठ जास्त झालंय की कमी, पाऊस येणार की हुलकावणी देणार, गाडीत कुठल्या बाजूला ऊन लागणार, तिला कशावरही वाद घालता यायचा. गुरुसिद्ध वैतागायचा, तिच्यापुढं हात जोडायचा, आणि मग गावभर सांगत फिरायचा की आमच्या अंजूला कोर्टात उभी करा, जज्ज पळून जाईल.

मग वैशाखात पाहुणे आले. जेवणं झाल्यावर गुरुसिद्धनं आपण रानात गव्यासमोर एकटे कसे उभे राहिलो ते रंगवून सांगायला घेतलं. गवा फुरफुरला, यानं काठी उगारली, गोष्ट अशी ऐन रंगात आली असताना अंजू मध्येच म्हणाली की तो गवा नव्हता, धोंडुबाईची म्हैस होती. पाहुणे पोट धरधरून हसले. गुरुसिद्धनं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली आणि पुन्हा म्हणून उलटून बोलायचं नाही, असं बजावलं.

ती पुन्हा उलटून बोलली नाही.

त्याला दोन महिने होत आले होते. पहिले चार दिवस त्याला बरंही वाटलं. मग घर खायला उठलं. काही बोललं तरी समोरून 'व्हय, आप्पा' यायचं आणि बोलणं तिथंच संपायचं. चुकलं म्हणावं तर जीभ रेटेना. बापानं लेकीपुढं असलं कसं म्हणायचं असतं, हे त्यानं कुठं पाहिलंच नव्हतं. आता तासाभरात ती वसतिगृहात जाणार, ती एकदम दिवाळीलाच परत येणार. अशीच गप्प गेली तर परत येईल ती पोर आपली असेल का, हा विचार सकाळपासून त्याची पाठ सोडत नव्हता.

म्हणून त्यानं तिला डिवचून पाहिलं. एक चाकू हातात घेऊन हा जर्मनीचा माल आहे, असं ठोकून दिलं. पात्यावर कारखान्याचं नाव ठळक देवनागरीत कोरलेलं होतं. अंजूनं ते वाचलं. वाचताना तिचे ओठ हललेले त्यानं पाहिले आणि तो आशेनं थांबला. पण तिनं नुसती मान डोलावली. मग त्यानं टोपलीतला सगळ्यांत भिकार चाकू शोधून काढला. पोपटी मूठ, तिच्यावर अर्धा खरवडून गेलेला मोर. असा चाकू अख्ख्या कोल्हापुरात दुसरा सापडायचा नाही, असं त्यानं छातीठोकपणे जाहीर केलं. शेवटी दुकानदारच ओशाळला. तो जुना पडून राहिलेला माल आहे, पोरीला दुसरा बघा, असं त्यानं आपण होऊन सांगितलं.

"चालतंय, आप्पा," अंजू म्हणाली.

गुरुसिद्धला वाटलं, ती ट्रंक उचलावी आणि भर रस्त्यात आपटावी. लगेच वाटलं, हिच्यापुढं बसून रडावं. यातलं काहीच न करता तो दुकानदारावर खेकसला की हाच द्या. पैसे दिले. चाकू मिटला आणि तिच्यापुढं धरला.

"पावणं, हातात देऊ नका," दुकानदार घाईनं म्हणाला. "खाली ठेवा, ती उचलंल. चाकू हातात दिला की भांडान हुतंय."

गुरुसिद्धनं हात मागं घेतला नाही. मघापासून चढलेला त्याचा आवाज एकदम खाली आला.

"ठावं हाय की मला," तो म्हणाला. "त्यापायीच देतोय. घे अंजू, हातातच घे."

अंजूनं बापाच्या हाताकडं पाहिलं. मग तिनं हात पुढं केला आणि चाकू घेतला. उघडला. मिटला. पुन्हा उघडला.

"हा नको," ती म्हणाली. "पातं हलतंय ह्याचं. मघाधरनं हलतंय, तुम्हाला दिसंना व्हय?"