नवा गडगा

पंच्याऐंशीची दिवाळी सरली आणि रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, हंगामातली पहिली सायकलशर्यत लागली. सुटण्याआधी शिवाने आपल्या पंपाने रावजीच्या चाकात हवा भरली. “मेल्या, बसक्या चाकाला हरवण्यात कसली मजा?” तीन वर्षं शिवाच पहिला येत होता, रावजी दुसरा. देवळामागच्या उतारावर, वळणापलीकडे, वाट अडवून जांभ्या धोंड्यांचा नवा गडगा उभा होता. आदल्या सांजेला बागायतदारासाठी रावजीनेच रचला होता. पंचांना पत्ता नव्हता. वळण आलं. ओठांवर आलेलं रावजीने गिळलं, ब्रेक आवळला आणि शिवाला पुढे जाऊ दिलं. धाडकन आवाज झाला. शिवा गडग्याशी पडला होता. नडगीचं हाड बाहेर आलं होतं. “रावज्या, माझं ऱ्हाऊंदे. मागनं पोरं येतायत, हाळी दे त्यांना.” रावजीने निखळलेला धोंडा उचलला, गडग्यावर पुन्हा नीट बसवला आणि सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे उतरला.