विसातली एक चूक

आजीनं काडेपेटी वरच्या फळीवरून काढून खाली ठेवली, पोराच्या हाताला लागेल अशी. मग आठवलं, गेल्या गुरुवारी काडेपेटीच होती. तेच तेच करून कसं चालेल? तिनं काडेपेटी परत वर टाकली आणि पाण्याच्या पिंपाचं झाकण काढून कॉटखाली सरकवलं.

हां, हे बरं. उघडं पिंप दिसलं की ताई हमखास चिडतात.

वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत लहान मुलं भाजू नयेत, बुडू नयेत, त्यांना शॉक लागू नये म्हणून एका संस्थेच्या काही बायका बिनपगारी घरोघर फिरायच्या. ताई त्यातल्याच. पाच वर्षांखालचं मूल असेल त्याच घरात त्या यायच्या. भिंतीवर वीस चौकटींचा तक्ता लावलेला होता. विसाच्या वीस चौकटींत बरोबरची खूण झाली की घर पास, आणि पास झालेल्या घराचं नाव यादीतून कमी.

आजीला पास व्हायचं नव्हतं. खरं तर तिचं नाव यादीत असायलाच नको होतं. सात महिन्यांपूर्वी मुलाला दुसऱ्या शहरात काम लागलं आणि तो, सून, नात छकुली, तिघंही गेली. "जम बसला की तुला नेतो," म्हणाला होता. तो जम काही बसेना. फोन यायचा तोही दोन मिनिटांचा, त्यातलं एक मिनिट छकुली लाजण्यात घालवायची. बाकी आठवडाभर खोली नुसती खायला उठायची. माणसाचा आवाज म्हणून काय तो गुरुवारी, अर्धा-पाऊण तास. तोही गेला तर आजीनं बोलायचं कुणाशी, भिंतीशी?

म्हणून छकुली कधी झोपलेली असायची, कधी शेजारी गेलेली. ताई "बरं बरं" म्हणायच्या. एवढी शिकली-सवरलेली बाई, पण अगदीच भोळी. आजीला स्वतःची लाज वाटायची आणि तरी गुरुवार आला की हात आपोआप झाकणाकडे जायचा.

"आजी! पिंप उघडं?" ताई दारातूनच ओरडल्या. "अहो, पोर वाकलं की डोकं आत, पाय वर. दोन मिनिटांत खेळ खलास!"

"राहिलं बघा."

"दर वेळी काहीतरी राहतंच तुमचं. काय म्हणावं तुम्हाला!"

बोलणं रागाचं, पण चपला काढून ताई कॉटवर निवांत टेकल्या. पूर्वी दोघी यायच्या, हुकांची आणि झाकणांची भली मोठी पिशवी घेऊन. हल्ली ताई एकट्याच, पर्समध्ये चिकटपट्टीचं एक रीळ. संस्थेच्या खर्चाला कात्री लागली असेल, आजी मनाशी म्हणायची.

"चहा टाकू?"

"टाका. मला कुठे घाई आहे?"

"घरी वाट बघत असतील."

"कोण? कुलूप?" ताई हसल्या. आजीही हसली, पण तिला ते फार लागलं.

चहा उकळत होता तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, काखेत वही, हातात वजनकाटा.

"घरात लहान मूल आहे ना? मी मुलांच्या सुरक्षेच्या कामाची प्रमुख. आज सगळी घरं मी स्वतः बघतेय."

ताईंचा चेहरा पांढरा पडला. बाईनं ताईंकडे बघून नुसती मान हलवली. वरची माणसं, खालच्यांना ओळख कशाला दाखवतील, आजीला वाटलं.

"मी निघते, आजी," ताई पुटपुटल्या.

"चहा तरी घ्या!" आजीनं त्यांना परत कॉटवर बसवलं.

बाईनं तक्ता पाहिला. "नात आहे म्हणायची. कुठेय?"

"शेजारी गेलीय."

"बोलवा ना. या वेळी वजनही करायचंय. मी थांबते."

आजी दारात गेली. "छकुले!" तिनं हाक मारली. "छकुले, ये गं!" गल्लीतून कोण येणार होतं? ती चौकट धरून उभी राहिली आणि तिला रडू कोसळलं.

"नाहीये ती इथे. सात महिने झाले गेली. मी खोटं बोलले," ती म्हणाली. "एकटीला खोली खायला उठते हो. माझं नाव काढा, काय करायचं ते करा. पण ताईंना काही बोलू नका. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. ऊन बघत नाहीत, पाऊस बघत नाहीत, एक गुरुवार चुकवत नाहीत बिचाऱ्या."

"कोणत्या ताईंना?"

"ह्या काय! तुम्हीच पाठवता ना यांना?"

बाईनं वहीची पानं मागे-पुढे केली. मग कॉटवरच्या ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान वर केली नाही.

"आजी, या वस्तीतलं काम आम्ही वर्षापूर्वीच बंद केलं होतं," बाई म्हणाली. "आज पुन्हा सुरू करतोय. मधल्या काळात आम्ही कुणालाच पाठवलेलं नाही."